शापाआधीचा करार

लिस्बनचा बेनफिका क्लब युरोपातल्या एखाद्या अंतिम सामन्यात पोचला की क्रीडापानांवर एक गोष्ट हमखास छापून येते. १९६२ साली सलग दुसरा युरोपियन कप जिंकून दिल्यावर बेला गुटमन या हंगेरियन प्रशिक्षकाने जास्त पैसे मागितले, संचालकांनी हात वर केले, आणि पुढची शंभर वर्षं या क्लबाला युरोपात काही मिळणार नाही, असा शाप देऊन तो चालता झाला. त्यानंतर बेनफिका १९६३, १९६५, १९६८, १९८८ आणि १९९० असे युरोपियन कपाचे पाच अंतिम सामने हरला. १९८३ साली यूएफा कप गेला, २०१३ आणि २०१४ साली लागोपाठ युरोपा लीग गेली. १९९० चा सामना व्हिएन्नात होता आणि गुटमनची कबरही व्हिएन्नातच. युसेबियोने तिथे जाऊन प्रार्थना केली, तरी मिलानने एका गोलने सामना नेलाच. गोष्ट इतकी आयती आहे की ती सांगून झाल्यावर माणसाबद्दल आणखी काही सांगायची गरज कुणाला वाटत नाही. चाळीस वर्षं डझनभर देशांत काम केलेल्या प्रशिक्षकाची ओळख एका वाक्यावर येऊन ठेपते, आणि ते वाक्य तो त्या दिवशी खरोखर बोलला याचा पक्का दाखला कुणी पुढे ठेवत नाही.

या पुस्तकाचा रोख त्या गोष्टीतल्या अलौकिकाकडे नाही, तिच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे आहे. एका माणसाने केलेल्या कामाचे पैसे मागितले आणि मालकांनी ते करारात नाहीत म्हणून नाकारले, एवढंच तिथे घडलं. हा मजुरीचा तंटा होता. तो जादूटोण्याच्या भाषेत सांगितला जाऊ लागला तेव्हापासून मागणी रास्त होती का, हा प्रश्नच विचारायचा राहून गेला. माझं म्हणणं असं की गुटमनचं सगळं आयुष्य या तंट्याच्या अंगाने वाचावं. तो टिकून राहत नसे, दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवत असे, याला चंचलपणा म्हणायची पद्धत पडली आहे. पण नोंदी एकापुढे एक ठेवल्या की त्यात कामाची एक ठरलेली रीत दिसते. ठरावीक मुदतीसाठी आपलं कसब द्यायचं, किंमत आधी ठरवून घ्यायची, कामात दुसऱ्याचा हात चालू द्यायचा नाही, आणि शब्द मोडला गेला किंवा मुदत सरली की मागे वळून न पाहता निघायचं. ही रीत त्याला कुठून मिळाली, तिने काय दिलं आणि काय हिरावलं, हे पाहणं शापाची यादी वाढवत बसण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

गुटमनचा जन्म २७ जानेवारी १८९९ रोजी बुडापेस्टमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील नृत्यशिक्षक होते, आणि सोळाव्या वर्षी त्यानेही नृत्यशिक्षकाची परवानगी मिळवली होती. पाय कुठे पडतो आणि शरीराचा भार कधी सरकतो, याचा विचार त्याच्याकडे फुटबॉलच्या आधी आला, असं म्हणायला जागा आहे. पण यावर फार मोठा इमला उभारू नये. जास्त महत्त्वाचं हे की मधल्या फळीतला खेळाडू म्हणून तो एमटीके या क्लबात वाढला, आणि जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाने त्या क्लबाला जमिनीलगतच्या आखूड पासचं वळण महायुद्धाच्या काळात लावून ठेवलं होतं. एमटीकेबरोबर त्याने लीग जिंकली, हंगेरीकडूनही खेळला. त्याच सुमारास हंगेरीचा सत्ताधीश हॉर्टी याच्या राजवटीत विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा १९२० चा कायदा आला होता, आणि हवा कोणत्या दिशेने वाहते आहे हे बुडापेस्टच्या ज्यूंना कळत होतं. गुटमन व्हिएन्नाला गेला, तिथल्या हाकोआह या ज्यू क्लबात दाखल झाला, आणि १९२५ साली हाकोआह ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. पुढच्याच वर्षी हा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांचा खेळ पाहायला सेहेचाळीस हजार लोक आले. दौरा संपला तेव्हा संघातले बरेच जण तिथेच राहिले. गुटमनही राहिला, तिथल्या क्लबांकडून खेळला, पैसे कमावले, गुंतवले, आणि १९२९ च्या मंदीत घालवून बसला.

या सगळ्याच्या मध्ये १९२४ सालचं पॅरिस ऑलिम्पिक येतं, आणि ते माझ्या युक्तिवादाला फार आवश्यक आहे. हंगेरीच्या पथकात खेळाडूंपेक्षा पदाधिकारी जास्त होते. मुक्कामाचं हॉटेल रात्रभर गजबजणाऱ्या वस्तीत होतं, खेळाडूंची झोप होत नव्हती आणि खोल्यांत उंदीर होते. गुटमनने तक्रार केली, ती कुणी मनावर घेतली नाही. तेव्हा काही मेलेले उंदीर आणून त्याने पदाधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांना टांगले. इजिप्तकडून ०-३ असा मार खाऊन संघ परतला आणि गुटमनला पुन्हा कधी हंगेरीकडून खेळायला मिळालं नाही. हे सांगण्याचं कारण असं: गुटमनच्या अस्थिरतेचा उलगडा युद्धाने आणि नरसंहाराने करायची सोय आपल्याला फार चटकन सुचते. ज्याचं घर उद्ध्वस्त झालं तो कुठेच घर करत नाही, असं म्हटलं की चरित्र सुबक होतं. पण उंदरांची तारीख १९२४ आहे. कामाच्या जागेची हेळसांड आणि ती करणाऱ्या वरच्या माणसांची मिजास त्याला तेव्हाही सहन होत नव्हती. युद्धाने त्याला हा स्वभाव दिला नाही. त्या स्वभावाला जगाकडून जी पुष्टी मिळाली, ती मात्र युद्धाची.

ती पुष्टी किती भयंकर होती हे त्याच्या बरोबरीच्यांकडे पाहिल्यावर कळतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डॅन्यूबकाठच्या शहरांनी प्रशिक्षकांची एक अख्खी पिढी जगाला दिली. डोरी कुर्शनर ब्राझीलमध्ये फ्लामेंगोला गेला, इम्रे हिर्शल अर्जेंटिनात आणि नंतर उरुग्वेत रमला, एर्नो एग्री एर्बस्टाइन इटलीत. १९२४ च्या त्याच ऑलिम्पिक पथकात आर्पाद वाइस होता. वाइसने इटलीत जे केलं ते गुटमनला तिथे कधी जमलं नाही: १९३० साली इंटरला आणि १९३६, १९३७ साली बोलोन्याला त्याने विजेतेपद दिलं. तो टिकला, रुजला, त्या देशाच्या फुटबॉलचा भाग झाला. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी त्याला देश सोडायला लावलं. तो हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्टला एका छोट्या क्लबाचा प्रशिक्षक झाला, नाझी तिथेही पोचले, आणि जानेवारी १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये त्याचा अंत झाला. तीन विजेतेपदं आणि दोन मोठ्या शहरांचं कौतुक पाठीशी असलेल्या माणसाला क्लबाने वाचवलं नाही, लीगनेही वाचवलं नाही. गुटमनच्या ‘निष्ठाहीन’पणावर बोट ठेवणाऱ्यांनी वाइसची निष्ठा कुणी आणि कशी फेडली तेही पाहावं.

गुटमन स्वतः १९३५ ते १९३७ हॉलंडमध्येच, एन्स्खेडेला होता. तिथल्या कराराची गोष्ट प्रसिद्ध आहे. संघ तळाशी गटांगळ्या खात असताना त्याने राष्ट्रीय विजेतेपदासाठी अवाच्या सवा बोनस मागितला, असं कधी होणारच नाही म्हणून मालकांनी हसत सही केली, आणि संघ चढत चढत विजेतेपदाच्या फेरीपर्यंत गेल्यावर अध्यक्षांनाच आपल्या संघाच्या पराभवासाठी देव पाण्यात घालायची वेळ आली. गोष्टीत मीठमसाला असेल. स्वतःबद्दल सांगताना गुटमन हात आखडत नसे. कराराचा नेम मात्र खरा आणि आयुष्यभराचा. १९३९ साली उयपेष्टला त्याने हंगेरियन लीग आणि मध्य युरोपातला मानाचा मित्रोपा कप एकाच वर्षी जिंकून दिले. त्याच वर्षी हंगेरीतला दुसरा ज्यूविरोधी कायदा आला आणि विजेत्या प्रशिक्षकाला काम उरलं नाही.

पुढची सहा वर्षं कितीतरी दशकं अंधारात होती. १९६४ साली जर्मन भाषेत निघालेल्या आपल्या चरित्रात गुटमनने युद्धावर जवळजवळ काहीच लिहू दिलं नाही. त्या काळावर पुस्तकं खूप झाली आहेत, वाचकांना आणखी त्रास कशाला, एवढ्यावर त्याने विषय मिटवला. लोक अंदाज बांधत राहिले की तो स्वित्झर्लंडला गेला असेल, कुणीतरी वजनदार माणसाने आसरा दिला असेल. डेव्हिड बोल्कोव्हर या अभ्यासकाने २०१७ च्या आपल्या पुस्तकात खरी हकिकत मांडली. गुटमन बुडापेस्टजवळच एका माळ्यावर लपला होता, खाली त्याच्या मेव्हण्याचं केशकर्तनालय चालत होतं. नंतर तो गुलाम मजुरांच्या छावणीत होता, आणि डिसेंबर १९४४ मध्ये हद्दपारीच्या आधी एर्बस्टाइन आणि तो तिथून निसटले. वडील, बहीण आणि बरेच नातेवाईक आउश्वित्झला मारले गेले. एर्बस्टाइन पुढे तोरिनोच्या महान संघाचा शिल्पकार झाला आणि ४ मे १९४९ रोजी सुपेर्गाच्या टेकडीवर त्या संघाबरोबरच विमान अपघातात गेला. गुटमन पन्नाशीला टेकला तेव्हा त्याच्या ओळखीच्या जगातली बहुतेक माणसं मेलेली होती आणि बहुतेक संस्थांनी पाठ फिरवलेली होती. कराराच्या कागदावर तो एवढा भर का देई, याचं याहून सोपं उत्तर मला तरी सापडत नाही. तोंडी आपुलकीची किंमत त्याला कळून चुकली होती.

युद्धानंतर बुखारेस्टच्या चोकानुल क्लबात त्याने पगार धान्यभाजीच्या रूपात मागून घेतला. टंचाई होती, पैशाला अर्थ नव्हता, म्हणून करार वस्तूंत. एका पदाधिकाऱ्याने संघनिवडीत लुडबूड केली तेव्हा त्याने क्लब सोडला. मग १९४८ सालचा किश्पेष्ट क्लब. एका बचावपटूच्या आडदांड खेळावर चिडून गुटमनने त्याला मध्यंतरानंतर मैदानात जाऊ नकोस म्हणून सांगितलं. बदली खेळाडूचा नियम तेव्हा नव्हता, म्हणजे संघ दहा जणांवर येणार. एकवीस वर्षांच्या फेरेंक पुश्काशने त्या खेळाडूला खेळत राहायला सांगितलं आणि तो खेळला. सांगतात की गुटमन उठला, प्रेक्षकांत जाऊन घोड्यांच्या शर्यतींचं वर्तमानपत्र वाचत बसला, आणि सामना संपल्यावर ट्रामने घरी गेला तो परत आलाच नाही. इथे एक आक्षेप मान्य करायला हवा. दहा खेळाडूंवर सामना खेळायचा हट्ट शहाणपणाचा नव्हता आणि पुश्काशचं म्हणणं खेळाच्या हिशेबाने बरोबर असणार. पण संघ कोण चालवतो या प्रश्नाला त्या दिवशी मैदानावर उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळाल्यावर गुटमन तिथे पगारासाठी रेंगाळला नाही.

मिलानचं प्रकरण याच्या अगदी उलट बाजूचं आहे. १९५३ साली तो तिथे आला तेव्हा संघात नॉर्डाल, लिडहोल्म असे स्वीडिश होते, पुढे उरुग्वेचा स्कियाफिनो आला. १९५४-५५ च्या हंगामात एकोणीस सामन्यांनंतर मिलान गुणतक्त्यात पहिला होता, आणि मालकांशी खटके उडत असलेल्या गुटमनला त्याच वेळी काढून टाकण्यात आलं. हंगामाअखेर मिलान विजेता झाला, श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेलं. यानंतर गुटमन करारात एक कलम घालून घेऊ लागला: संघ पहिल्या क्रमांकावर असेल तोवर प्रशिक्षकाला काढता येणार नाही. लोक हे कलम विनोद म्हणून सांगतात. मला ते त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत गंभीर वाक्य वाटतं. प्रशिक्षकाला कामावरून काढायला कारण लागत नाही, या मालकवर्गाच्या गृहीतकाला त्याने लेखी हरकत घेतली होती.

आता मोठा आक्षेप. मिलान काय, किश्पेष्ट काय, तयार खेळाडूंचे संघ. असा माणूस भरल्या ताटावर येऊन बसतो आणि जेवण आपण रांधलं म्हणतो. यात तथ्य आहे, विशेषतः ब्राझीलबाबत. हंगेरीतल्या १९५६ च्या उठावाच्या वेळी तिथल्या होनवेड क्लबाचा संघ परदेशात होता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला फिफाचा विरोध झुगारून तो ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला, बरोबर प्रशिक्षक म्हणून गुटमन. दौरा आटोपल्यावर तो साओ पाउलो क्लबात थांबला आणि १९५७ चं पाउलिस्टा विजेतेपद त्याने मिळवलं. त्याच क्लबाचा माणूस असलेल्या व्हिसेंते फेओलाने १९५८ साली ब्राझीलला ४-२-४ च्या मांडणीत विश्वचषक जिंकून दिला, म्हणून गुटमनने ब्राझीलला ४-२-४ शिकवलं असं बरेचदा लिहिलं जातं. ते जसंच्या तसं मान्य करता येत नाही. फ्लाव्हियो कोस्टा, मार्तिम फ्रान्सिस्को यांचे प्रयोग त्याच्या आधीपासून चालू होते, आणि कुर्शनर तर वीस वर्षं आधी येऊन गेला होता. गुटमनने तिथे दिली ती घाई: पायात चेंडू कमी वेळ, पुढे लवकर पास, गोलावर लवकर फटका. एका देशाच्या खेळाचा जनक ठरवण्याइतकं हे मोठं नाही. एका हंगामात दुसऱ्याच्या अंगणात जाऊन हे करता आलं, एवढं मात्र त्याच्या पदरी नक्की टाकावं लागतं.

भरल्या ताटाचा आरोप पोर्तुगालपाशी मात्र मोडतो. १९५८-५९ चा हंगाम चालू असताना तो पोर्तोला आला, बेनफिका बराच पुढे होता, आणि शेवटच्या दिवशी दोघांचे गुण समान होऊन एका गोलच्या फरकाने पोर्तो विजेता झाला. त्याच उन्हाळ्यात तो हरलेल्या बेनफिकाकडे गेला. पोर्तोवाल्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. बेनफिकात आल्यावर त्याने सुमारे वीस खेळाडूंना निरोप दिला आणि तरुणांना वर ओढलं. १९६० आणि १९६१ ची लीग बेनफिकाने जिंकली. ३१ मे १९६१ रोजी बर्नच्या वांकडोर्फ मैदानावर युरोपियन कपाचा अंतिम सामना होता, समोर बार्सिलोना, आणि बार्सिलोनाकडे कुबाला, कोच्सिश, चिबोर हे तीन हंगेरियन. कोच्सिश आणि चिबोर याच मैदानावर १९५४ चा विश्वचषक जर्मनीकडून ३-२ ने हरले होते. त्या संध्याकाळी दोघांनीही गोल केला. बार्सिलोनाचे फटके पुन्हा पुन्हा गोलच्या चौकोनी लाकडी खांबांवर आदळून परत आले, गोलरक्षक रामालेट्सने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घालवला, आणि बेनफिका जिंकला. आकडा पुन्हा ३-२. दैव जोरावर होतं यात शंका नाही. पुढच्या वर्षी २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅमला समोर रेआल माद्रिद होता, आणि पुश्काशने पहिल्या अर्ध्या तासाच्या थोडं पुढे जाईपर्यंत तीन गोल करून टाकले होते. मध्यंतराला बेनफिका २-३ मागे. उत्तरार्धात रेआलला एकही गोल करता आला नाही, बेनफिकाने तीन केले, त्यातले दोन वीस वर्षांच्या युसेबियोचे. ५-३. इथे खांबांची मदत नव्हती.

युसेबियो कसा आला ही गोष्टही भटकंतीचीच आहे. साओ पाउलोत गुटमनच्या हाताखाली राहिलेला बाउएर एका ब्राझिलियन संघाला घेऊन आफ्रिकेचा दौरा करून परतताना लिस्बनमध्ये थांबला होता. न्हाव्याच्या दुकानात दोघांची गाठ पडली आणि बाउएरने लोरेन्सू मार्किशमध्ये, म्हणजे आजच्या मापुतोत, पाहिलेल्या एका पोराचं वर्णन केलं. ते पोर प्रतिस्पर्धी स्पोर्टिंगच्या शाखा-क्लबात खेळत होतं. बेनफिकाने त्याला आणलं, आणि स्पोर्टिंगच्या माणसांच्या हाती लागू नये म्हणून दक्षिणेच्या किनाऱ्यावर लपवून ठेवलं. गुटमन ब्राझीलला गेलाच नसता तर ही बातमी त्याला सांगणारा माणूस त्याच्या ओळखीचा नसता. जो एका जागी बसतो त्याला एका जागेचीच खबर असते. या यशाला आणखी एक, गोमंतकीयांना जवळची वाटेल अशी बाजू आहे. त्या बेनफिकाचा कणा पोर्तुगीज वसाहतींचा होता: कोलुना आणि गोलरक्षक कोस्टा परेरा मोझांबिकचे, कर्णधार आगुआश अंगोलाचा. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, मे महिन्यात पहिला कप आला, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि पुढच्या मे महिन्यात दुसरा कप आला. सालाझारच्या राजवटीला साम्राज्य एकसंध असल्याचं दाखवायला हा संघ फार उपयोगी पडत होता. त्याला घडवणारा प्रशिक्षक मात्र असा होता की कुठल्याही राज्याने त्याला आपला मानलं नव्हतं, आणि त्यालाही तशी हौस उरली नव्हती.

मग प्रश्न येतो तिसऱ्या वर्षाचा. तिसरा हंगाम घात करतो, हे गुटमनचं आवडतं सूत्र. खेळाडू प्रशिक्षकाला कंटाळतात, त्याच्या युक्त्या विरोधकांना पाठ होतात. टीकाकार म्हणतात, ही पळवाट आहे. खरं बांधकाम तिसऱ्या वर्षानंतर सुरू होतं, आणि दशकानुदशकं एका क्लबात राहून पिढ्या घडवणारे प्रशिक्षक झालेच की. झाले, आणि त्यांचं मोठेपण वेगळ्या जातीचं आहे. पण गुटमनचं सूत्र त्याच्या स्वतःच्या हिशेबाने तपासलं तर चुकत नाही. १९६१-६२, बेनफिकातलं त्याचं तिसरं वर्ष, युरोपियन कपाचं वर्ष. पोर्तुगालच्या लीगमध्ये त्या वर्षी बेनफिका तिसरा आला. युरोपातल्या मोजक्या सामन्यांना पुरेल एवढी ऊर्जा संघात होती, आठवड्यामागून आठवडा खेळायची ओढ सैल पडली होती. जाण्याची वेळ त्याने चुकीची निवडली असं म्हणता येत नाही. मागे पडझड सोडून गेला, हा आरोप तर आकडेच फेटाळतात. १९६३, १९६५, १९६८ असे सहा वर्षांत तीन अंतिम सामने त्याने घडवलेल्या गाभ्यानेच गाठले.

राहिला पैसा. गुटमन पैशाला चिकट होता, हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. पण १९६२ ची तक्रार नेमकी काय होती ते पाहावं. त्याच्या सांगण्यानुसार त्याच्या कराराप्रमाणे लीग जिंकल्यावर मिळे त्यापेक्षा युरोपियन कप जिंकल्यावर कमी रक्कम मिळत होती, आणि ही विसंगती दुरुस्त करायची तसदी संचालकांनी घेतली नाही. करार करताना ते कलम त्याने नीट पाहिलं नसेल, तर चूक त्याची. संचालकांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. तरी दोन वर्षांत क्लबाला युरोपाच्या माथ्यावर नेणाऱ्या माणसाला करारापलीकडे एक पै द्यायची नाही असं ठरवल्यावर, त्यानेही करारापलीकडे एक दिवस थांबू नये, हा न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लागतो. तो उरुग्वेत पेन्यारोलकडे गेला. याच पेन्यारोलने आदल्या सप्टेंबरात बेनफिकाला आंतरखंडीय कपात माँटेव्हिडिओत ५-० असं लोळवलं होतं. ज्याने हरवलं त्याच्याकडे नोकरी मागावी, यात व्यवहार होता, रागलोभ नव्हता.

शापाबद्दल मग काय म्हणायचं? अंतिम सामना हरायचा तर आधी तिथवर पोचावं लागतं. या साध्या कारणासाठी ती यादी गुटमनच्या वारशाचं प्रमाणपत्र म्हणूनही वाचता येते, निदान पहिल्या तीन नोंदींपुरती. पराभवांची कारणंही मैदानावरच सापडतात. १९६३ साली कोलुनाला जबर दुखापत झाली आणि बदली खेळाडू घेता येत नव्हता. १९६५ चा सामना इंटरच्या घरच्या मैदानावर झाला, गोलरक्षक जायबंदी झाला आणि जेर्मानो या बचावपटूला गोलमध्ये उभं राहावं लागलं. त्याहून बोलका पुरावा असा की १९६५ साली बेनफिकाने गुटमनलाच परत बोलावलं आणि तोही आला. ज्याने शंभर वर्षांचा शाप घातला त्याला तीन वर्षांनी कुणी प्रशिक्षक नेमत नाही. त्या हंगामात बेनफिकाने काहीही जिंकलं नाही, आणि मार्च १९६६ मध्ये लिस्बनमध्येच जॉर्ज बेस्टच्या मँचेस्टर युनायटेडने त्यांचा ५-१ असा धुव्वा उडवला. नंतरच्या काळातलं एक उदाहरण शेजारी ठेवून पाहावं. जोसे मोरिन्यो २००४ साली पोर्तोला आणि २०१० साली इंटरला युरोपाचं विजेतेपद देऊन त्याच उन्हाळ्यात जास्त पैशाच्या क्लबात गेला. इंटरने पुढे २०२३ आणि २०२५ असे दोन अंतिम सामने गमावले. तिथे शापाची भाषा रुजली नाही, कारण एव्हाना प्रशिक्षकाने आपली किंमत मागणं जगाच्या सवयीचं झालं आहे.

शेवटची वर्षं या पुस्तकात थोडक्यात येतात आणि ते योग्यच आहे. ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय संघ, जिनिव्हाचा सर्व्हेत, अथेन्सचा पानाथिनाइकोस, व्हिएन्नाचा ऑस्ट्रिया, आणि १९७३-७४ मध्ये पुन्हा पोर्तो: कुठेही पूर्वीची चमक नाही. सोडून गेलेल्या क्लबात परतायचं नाही, हा त्याच्या रीतीतला न लिहिलेला नियम त्याने उतारवयात दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा हात रिकामे राहिले. त्याची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यालाही इथे सारवासारव करता येत नाही. खेळ तोवर बदलला होता. बचावाची कुलपं लावणारे संघ जिंकत होते, आणि समोरच्याने तीन मारले तर आपण चार मारू या भरवशावर संघ मांडणाऱ्या माणसाला त्यांच्यावर उतारा सापडला नाही. २८ ऑगस्ट १९८१ रोजी तो व्हिएन्नात वारला. शापाची गोष्ट जगभर पसरली ती त्याच्या पश्चात, तिच्याबद्दल त्याला विचारायची सोय उरली नव्हती तेव्हा. २०१४ साली बेनफिकाने आपल्या मैदानावर त्याचा पुतळा बसवला, हातात दोन कप असलेला. काही वर्तमानपत्रांनी त्याचीही बातमी क्लबाचा शापावरचा उतारा म्हणून छापली.